नॉर्वेचा सॅल्मन आणि तेलातली लस : एक प्रकरण अभ्यास

१९८७ साली नॉर्वेच्या मत्स्यशेतीत सुमारे ४८.६ टन प्रतिजैविकं वापरली गेली. हे वजन औषध कालवलेल्या खाद्याचं नाही, निव्वळ औषधी द्रव्याचं आहे. त्या वर्षी तिथे तयार झालेला सॅल्मन होता पन्नास हजार टनांच्या आसपास. म्हणजे टनभर माशामागे जवळजवळ किलोभर औषध. सात वर्षांनी, १९९४ मध्ये, मासा सुमारे दोन लाख टनांवर गेला आणि औषध आलं १.४ टनांवर. टनामागे सात ग्रॅम.

मत्स्यशास्त्राच्या वर्गात हे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवायचे, ‘लसीची किमया’ म्हणायचं आणि पुढच्या धड्याकडे वळायचं, असा रिवाज आहे. किमया झाली हे खरंच. पण मधल्या वर्षांचे आकडे पाहिले की गोष्ट वेगळी दिसू लागते. १९८९ मध्ये औषधाचा वापर १९.३ टनांवर उतरला होता. १९९० मध्ये तो पुन्हा ३७.४ टनांवर चढला. पुढची दोन वर्षं २७ टनांच्या आसपास रेंगाळला, १९९३ मध्ये एकदम ६.१ वर कोसळला आणि मग १.४. घाट उतरताना मध्येच पुन्हा चढ लागावा तसा हा आलेख आहे. पहिला चढ एका जिवाणूचा, दुसरा दुसऱ्याचा. पहिल्याला हरवणारी लस दुसऱ्यापुढे चालली नाही, आणि का चालली नाही यातच या प्रकरणाचा सगळा जीव आहे.

एक खुलासा आधीच करून टाकतो. आपल्याकडच्या हॉटेलांत रावसाला ‘इंडियन सॅल्मन’ म्हणतात, त्या माशाचा इथे काही संबंध नाही. हा अटलांटिक सॅल्मन : नदीत जन्मतो, पहिली काही वर्षं गोड्या पाण्यात काढतो, मग शरीरात बदल घडवून खाऱ्या पाण्यात जायला तयार होतो. त्या तयार झालेल्या पिल्लाला स्मोल्ट म्हणतात. मत्स्यशेतीत ही पिल्लं जमिनीवरच्या टाक्यांत वाढवतात आणि स्मोल्ट झाली की फिऑर्डमधल्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीतल्या, जाळीच्या पिंजऱ्यांत सोडतात. टाकीतून समुद्रात जाण्याचा हा क्षण लक्षात ठेवा, पुढे तो लागणार आहे.

हित्रा बेटाचा हिवाळा

नॉर्वेच्या मध्य किनाऱ्यावर हित्रा नावाचं बेट आहे. १९७० मध्ये ग्रेन्टवेट आडनावाच्या दोन भावांनी तिथे समुद्रातल्या पिंजऱ्यात सॅल्मन वाढवून दाखवला आणि आजच्या सॅल्मन शेतीची घडी बसली. नऊ वर्षांनी त्याच बेटाच्या नावाचा रोग निघाला : हित्रा रोग.

व्हिब्रिओसिस तोवर सगळ्यांच्या ओळखीचा होता. व्हिब्रिओ म्हणजे पटकीच्या जिवाणूचंच कुळ. त्यातला व्हिब्रिओ अँग्विलारम माशांना उन्हाळ्यात, पाणी तापलं की गाठतो. त्यावर लसही होती, आणि ती इतकी सोपी की आज हेवा वाटावा. मारलेले जिवाणू पाण्यात मिसळायचे, पिल्लं जाळीत घेऊन अर्धा-एक मिनिट त्यात बुडवायची आणि परत टाकीत सोडायची. कल्ले आणि कातडी यांतून जेवढं आत जाईल तेवढं पुरे. त्यामुळे शेतकऱ्यांच्या मनात एक समीकरण पक्कं होतं : उन्हाळा काळजीचा, हिवाळा निर्धास्त.

१९७९ पासून मासे मरू लागले ते ऐन हिवाळ्यात, पाणी दहा अंशांच्या खाली असताना. रक्तक्षय, आतड्यांत आणि स्नायूंत रक्तस्राव, पोटात रक्ताळलेलं पाणी. इतक्या गार पाण्यात जिवाणू एवढा उच्छाद मांडेल हे कोणाला पटेना. खाद्यात ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम कमी पडतंय का, यावर बरीच वर्षं वाद चालला. वाद अगदीच निरर्थक नव्हता, कारण कुपोषित मासा कोणत्याही रोगाला लवकर बळी पडतो. पण बर्गनच्या संशोधकांच्या हाती या माशांतून एक थंडीप्रिय व्हिब्रिओ वारंवार येत राहिला. १९८६ मध्ये त्याला व्हिब्रिओ साल्मोनिसिडा असं नाव मिळालं. (आता त्याचं कुळ बदलून अलिव्हिब्रिओ झालं आहे, पण शेतकरी अजून जुनंच नाव घेतात.)

१९८७ चा तो ४८.६ टनांचा डोंगर मुख्यतः या रोगाचा. शत्रूची ओळख पटल्यावर मात्र लस लवकर आली आणि पहिल्याच फटक्यात लागू पडली. मारलेले जिवाणू, साधी पाण्यातली लस. या जिवाणूच्या अंगावर एक ठळक प्रथिन असतं, माशाची प्रतिपिंडं (अँटिबॉडी) त्यालाच धरतात. जिवाणू रक्तात मोकळा फिरतो, प्रतिपिंडंही रक्तात. गाठ पडते, काम होतं. १९८९ चे १९.३ टन म्हणजे या लसीची पावती.

इथेच गोष्ट संपली असती तर तो नीटस विजय ठरला असता.

स्कॉटलंडहून आलेली निरोगी पिल्लं

१९८५ मध्ये नॉर्वेत स्मोल्टचा तुटवडा होता. पिंजरे वाढले, त्या मानाने पिल्लं कमी. स्कॉटलंडहून पिल्लं आयात झाली. दिसायला तजेलदार, खाण्यात चोख. त्यांच्यासोबत आला एरोमोनास साल्मोनिसिडा, म्हणजे फुरुंक्युलोसिसचा जिवाणू.

फुरुंकल म्हणजे केसतूड. माशाला केस नाहीत, तरी हे नाव चिकटलं, कारण जुनाट रोगात अंगावर फोड येतात. नाव दोन्ही बाजूंनी फसवं आहे. त्या फोडांत आपल्या गळवासारखा पू नसतो, कुजून पातळ झालेला रक्ताळ स्नायू असतो. आणि तीव्र रोगात तर फोड येईपर्यंत मासा जगतच नाही. अंग काळपट पडतं, परांच्या मुळाशी लाली दिसते, खाणं सुटतं आणि दोन-तीन दिवसांत खेळ खलास. धष्टपुष्ट मासा मेलेला सापडतो. शेतकऱ्याला सगळ्यात जास्त झोंबतं ते हेच.

पण खरी अडचण या रोगाच्या वाहक माशांत आहे. जिवाणू महिनोन्‌महिने शरीरात दडून राहतो आणि मासा ठणठणीत दिसतो. तपासायचं असेल तर प्रयोगशाळेत एक क्रूर पण हुशार युक्ती वापरतात : काही माशांना स्टेरॉईडचं इंजेक्शन देऊन त्यांची प्रतिकारशक्ती दाबायची आणि पाणी १८ अंशांपर्यंत तापवायचं. दडलेला जिवाणू असेल तर पंधरवड्यात मासे मरू लागतात. आता स्मोल्टकडे पाहा. गोड्यातून खाऱ्यात जाण्याच्या तयारीत त्याच्या रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक आपोआपच वाढलेलं असतं. मग टँकर, जहाज, हाताळणी, नवं पाणी. म्हणजे प्रयोगशाळेत जी परीक्षा मुद्दाम घेतात, तीच निसर्ग आणि व्यापार मिळून प्रत्येक स्मोल्टची घेतात. फरक इतकाच की ती उघड्या समुद्रात घेतली जाते.

पुढची सात वर्षं हा रोग किनाऱ्यावरून सरकत राहिला. १९९२ संपेपर्यंत सुमारे ५५० मत्स्यशेतांत तो पोहोचला होता. पिंजऱ्यांतून सुटलेले मासे नद्यांत शिरले आणि ७४ नद्यांत त्याची नोंद झाली. शेतातला रोग रानात गेला की परत बोलावता येत नाही. म्हणूनच नॉर्वेत हे प्रकरण केवळ मत्स्यशेतकऱ्यांचं राहिलं नाही. नदीवर सॅल्मन धरणं हा तिथे पिढ्यान्‌पिढ्यांचा मान आणि उत्पन्न दोन्ही आहे.

औषध पुरं का पडलं नाही

औषध दिलं जात होतंच. ऑक्सिटेट्रासायक्लिन, ऑक्सोलिनिक ॲसिड, फ्लुमेक्विन, सल्फाची जोड-औषधं. सगळी पशुवैद्यकाच्या चिठ्ठीवर, आणि सगळी खाद्यातून. गायीला सलाईन लावता येतं, पिंजऱ्यातल्या हजारो माशांना नाही.

खाद्यातून औषध देण्यातली मेख अशी की आजारी मासा खात नाही. औषधी खाद्यावर तुटून पडतात ते धडधाकट मासे. ज्याला गरज आहे त्याच्या पोटात काही जात नाही, ज्याला नाही त्याच्या पोटात दुप्पट जातं, आणि उरलेलं जाळीतून खाली. समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम ऑक्सिटेट्रासायक्लिनला धरून ठेवतं, मग ते माशाच्या आतड्यातून शोषलंही नीट जात नाही. पिंजऱ्याखालच्या गाळात ही औषधं महिनोन्‌महिने सापडत. आसपासचे जंगली मासे ते खाद्याचे कण खात, त्यांच्या मांसातही औषध सापडे. जिवाणूंत औषधाला न जुमानणारे वाण निघाले, तेव्हा नवल वाटण्यासारखं काही उरलं नव्हतं.

मग लसच हवी होती. पण व्हिब्रिओवर चाललेली कृती इथे बसेना. मारलेले जिवाणू, पाण्यातली लस, बुडवून किंवा टोचून, संरक्षण एक तर मिळेना नाही तर काही आठवड्यांत ओसरे. आणि हा शोध काही नवा नव्हता. १९४२ मध्येच डफ नावाच्या कॅनडातल्या संशोधकाने याच जिवाणूचं मारलेलं रूप ट्राउट माशांना खाद्यातून देऊन पाहिलं होतं. माशांच्या लसीचा तो पहिला गाजलेला प्रयोग. म्हणजे माशांच्या लसीकरणाची सुरुवात ज्या जिवाणूपासून झाली, तोच पन्नास वर्षं हाती लागला नव्हता.

का? कारणं हळूहळू उलगडली, काही तर लस बाजारात आल्यावर.

या जिवाणूच्या अंगावर प्रथिनाचं एक विणलेलं चिलखत असतं. माशाच्या रक्तातली पूरक प्रथिनं, जी एरवी जिवाणूच्या भिंतीला भोक पाडतात, ती त्यापुढे हतबल होतात. त्याच्याकडे इंजेक्शनच्या सुईसारखी एक यंत्रणा आहे. तिने तो माशाच्या भक्षक पेशींत विषारी प्रथिनं टोचतो, आणि जी पेशी त्याला गिळायला आली तिचाच सांगाडा ढासळतो. गंमत म्हणजे या यंत्रणेचे जनुक एका सुट्या डीएनए-वलयावर असतात, आणि जिवाणू २५ अंशांच्या वर वाढवला की ते वलय गळून पडतं. प्रयोगशाळेत उबदार वाढवलेला जिवाणू म्हणजे दात काढलेला साप. तिसरी गोष्ट लोहाची. माशाच्या रक्तात मोकळं लोह जवळजवळ नसतंच, म्हणून जिवाणू शरीरात शिरला की लोह ओढून घेणारी खास प्रथिनं अंगावर काढतो. बरणीतल्या सकस रसात लोह भरपूर, तिथे ही प्रथिनं तो काढतच नाही. मग लसीतला मारलेला जिवाणू माशाला एक चेहरा दाखवतो आणि खरा हल्लेखोर येतो तो दुसराच चेहरा घेऊन. स्कॉटलंडमध्ये ॲबर्डीनच्या प्रयोगशाळेत लोहाविना उपाशी वाढवलेल्या जिवाणूंवर या दिशेने बरंच काम झालं.

एक गोष्ट मात्र लस करणाऱ्यांच्या पथ्यावर पडली. सॅल्मनला गाठणारा हा उपप्रकार जगभर जवळजवळ एकसारखा आहे. एका वाणावर केलेली लस दुसऱ्या वाणावरही चालते. हे भाग्य प्रत्येक जिवाणूच्या बाबतीत मिळत नाही.

तेल

१९९२-९३ च्या सुमारास उपाय आला तो तेलाचा. मारलेले जिवाणू खनिज तेलात घोटून त्याचं दुधासारखं मिश्रण करायचं आणि प्रत्येक पिल्लाच्या पोटात ०.२ किंवा ०.१ मिलिलिटर टोचायचं.

तेल काय करतं हे समजायला माशाची प्रतिकारव्यवस्था थोडी पाहावी लागते. माशाच्या हाडांत रक्त बनवणारी मज्जा नाही, आपल्यासारख्या लसिका गाठी नाहीत. रक्ताच्या आणि प्रतिकाराच्या पेशी मुख्यतः मूत्रपिंडाच्या डोक्याकडच्या भागात तयार होतात, त्याला प्लीहा आणि थायमसची साथ. प्रतिपिंडांचा मुख्य प्रकार एकच, आयजीएम. आपल्या शरीरात पहिल्या धक्क्याला आयजीएम येतं आणि मग शरीर नेमक्या आयजीजीवर उडी मारतं. माशाला ती उडी येत नाही. प्रतिपिंडांची धारही काळाबरोबर आपल्याइतकी वाढत नाही. स्मृती असते, पण फिकट. हे वाचून कोणी माशाला मागासलेला ठरवू नये. त्याची जन्मजात फळी, म्हणजे बुळबुळीत श्लेष्मा, त्यातलं लायसोझाइम, थंडीतही काम करणारी पूरक प्रथिनं, आपल्यापेक्षा सरस आहे. अटलांटिक कॉड माशाने तर प्रतिकाराचा एक आख्खा दुवाच उत्क्रांतीत गमावला आहे. जिवाणूचे तुकडे मदतनीस पेशींना दाखवणारा, एमएचसी-२ नावाचा, जो आपल्यात नसेल तर मूल जगणं कठीण. २०११ मध्ये त्याचा जनुकसंच वाचल्यावर हे कळलं. आणि कॉड समुद्रात मजेत जगतो आहे.

तर सॅल्मनची स्मृती फिकट असल्यामुळे त्याला शत्रूचं चित्र एकदा दाखवून भागत नाही, ते समोर टांगून ठेवावं लागतं. तेल नेमकं हेच करतं. पोटात तेलाचे थेंब महिनोन्‌महिने राहतात, त्यातून जिवाणूचे तुकडे झिरपत राहतात, आणि तेलामुळे होणारी सूज भक्षक पेशींना सतत तिथे बोलावत राहते. शिवाय एक अनपेक्षित लाभ झाला. त्याच मिश्रणात व्हिब्रिओचे जिवाणूही घातले, तर एरोमोनासविरुद्धची प्रतिपिंडं वाढतात. एका लसीत चार-पाच रोग बसवण्यामागे सोय होतीच, त्यात ही भर पडली.

आणि पाण्याचं तापमान. मासा थंड रक्ताचा, म्हणून त्याचं घड्याळ पाण्यावर चालतं. लस टोचल्यापासून संरक्षण तयार व्हायला किती दिवस, असा प्रश्न विचारला तर उत्तर दिवसांत येत नाही, डिग्री-दिवसांत येतं, म्हणजे पाण्याचे अंश गुणिले दिवस. सर्वसाधारण अपेक्षा सुमारे ५०० डिग्री-दिवसांची. पाणी १० अंश असेल तर ५० दिवस, ५ अंश असेल तर १००. टाकीतून समुद्रात जाण्याचा जो क्षण वर सांगितला, त्याच्या इतकं आधी टोचलं नाही तर सगळी मेहनत फुकट. हा हिशेब शेतकऱ्याच्या हाडीमांसी भिनला, तेव्हाच लस खऱ्या अर्थाने चालू लागली, असं माझं मत आहे.

टोचण्याचं काम कसं चालतं तेही पाहा. पिल्लं भुलीच्या पाण्यात टाकायची, निपचित पडली की टेबलावर घ्यायची, उलटी करून पोटाखालच्या परांच्या थोडं पुढे सुई, आणि घसरगुंडीवरून परत स्वच्छ पाण्यात. सराईत माणूस तासाला हजारावर पिल्लं टोचतो. पुढे यंत्रं आली. पिल्लू किमान ३०-४० ग्रॅमचं हवं, त्याहून लहान पोटात तेल मावत नाही.

घाईत सुई माशाऐवजी आपल्याच बोटात जाण्याचे प्रकार सर्रास घडत. हे किरकोळ टोचणं नव्हे. खनिज तेल बोटाच्या आत गेलं तर सूज इतकी चढू शकते की रक्तपुरवठा तुटतो. लसीच्या वेष्टनावर आजही ‘ताबडतोब डॉक्टर गाठा’ असं लिहिलेलं असतं, आणि कधी बोट चिरून तेल धुवून काढावं लागतं. पुन्हा टोचलं गेलं तर तीव्र ॲलर्जीचा धोका वेगळाच. प्रतिजैविकांच्या उतरत्या आलेखात ही बोटं कुठे दिसत नाहीत.

माशाने मोजलेली किंमत

तेलामुळे येणारी सूज हीच लसीची ताकद, आणि तीच तिचा दोष. पोटात आतडी एकमेकांना आणि पोटाच्या भिंतीला चिकटू लागली, गाठी झाल्या, काळे डाग पडले. पहिल्या काही वर्षांत हे इतकं सर्रास होतं की मोजायला पट्टी लागली. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेली स्पेइलबर्ग श्रेणी ही ती पट्टी : शून्य म्हणजे काही नाही, सहा म्हणजे मांसाला इजा केल्याशिवाय आतले अवयव काढताच येत नाहीत. नॉर्वेचे मत्स्यवैद्य आजही मासा चिरून हा आकडा लिहितात. लस टोचलेल्या माशांची भूक मंदावते, वाढ काहीशी मागे पडते, काहींच्या कण्यात व्यंग येतं. २००८ मध्ये तर लस दिलेल्या सॅल्मनमध्ये शरीर स्वतःवरच उलटल्याची, म्हणजे स्वप्रतिकारक रोगाची, लक्षणं नोंदवली गेली.

माणसाच्या बाळाला अशी लस कोणी दिली नसती. सॅल्मनला ती परवडली, कारण तो समुद्रात दीड-दोन वर्षं जगून कत्तलीला जातो. एवढ्या आयुष्यात पोटातल्या चिकटलेल्या आतड्यांनी फार बिघडत नाही, आणि मासा साफ करताना आतडी टाकूनच देतात. हिशेब म्हणून हे बिनतोड आहे. प्राण्याच्या बाजूने पाहिलं तर जरा थांबून विचार करावा असं आहे. पुढे मात्रा ०.०५ मिलिलिटरपर्यंत आणि त्याखालीही आल्या, तेल सुधारलं, दुष्परिणाम बरेच घटले. पूर्ण गेले नाहीत.

लसीच्या खात्यावर सगळंच श्रेय टाकणंही चूक ठरेल. याच वर्षांत एका शेतात एकाच पिढीचे मासे ठेवण्याची शिस्त आली. पीक काढलं की जागा काही काळ रिकामी ठेवायची, जसं आपण शेत पड ठेवतो. मेलेले मासे रोज काढायचे, शेतं एकमेकांपासून लांब हलवायची, बाहेरून पिल्लं आणायची नाहीत. शिवाय १९९०-९१ मध्ये बाजारात सॅल्मनचा पूर आला, भाव पडले, मत्स्यशेतकऱ्यांचा विक्रीसंघ दिवाळखोरीत गेला, आणि अनेक अशक्त, गचाळ शेतं आपोआप बंद झाली. रोगाला आसरा देणारी शेतं आधी गेली, हाही त्या आलेखातला एक पदर आहे. तरीही १९९२ चे २७ टन ते १९९४ चे १.४ टन ही कोसळण नुसत्या शिस्तीने झाली नसती. तिथे तेलच बोलतं.

तोच मासा, दुसरा किनारा

लसीने जिंकलं ते का जिंकलं, हे ताडून पाहायला एक तयार प्रयोग पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला आहे. चिलीत अटलांटिक सॅल्मन मुळात नव्हताच, बाहेरून आणून वाढवला. मासा तोच, पिंजरे तसेच, तेलातली इंजेक्शनंही तशीच. नॉर्वेशी संबंधित कंपन्यांची शेतीही तिथे आहे. पण २०१५ मध्ये चिलीच्या सॅल्मन शेतीत ५५७ टन प्रतिजैविकं वापरली गेली. टनभर माशामागे ६६० ग्रॅमच्या आसपास. नॉर्वेच्या १९८७ पासून फार दूर नाही.

कारण आहे पिसिरिकेट्सिया साल्मोनिस. १९८९ मध्ये चिलीतल्या कोहो सॅल्मनमध्ये त्याने हाहाकार माजवला तेव्हा तो प्रथम ओळखला गेला. हा जिवाणू रक्तात मोकळा फिरत नाही. ज्या भक्षक पेशीने त्याला खायचं, तिच्याच पोटात घर करतो. बाहेर प्रतिपिंडं कितीही फिरोत, दार आतून बंद. अशा शत्रूला मारायला रोगट पेशीच ओळखून संपवणाऱ्या पेशी लागतात, आणि मारलेल्या जिवाणूंची तेलातली लस त्यांना पुरेसं जागं करत नाही. चिलीत या रोगावर डझनावारी लसी परवाना घेऊन बाजारात आल्या. मासे थोडे उशिरा मरू लागले, एवढाच फरक. फ्लोरफेनिकॉल या प्रतिजैविकाची पोती चालूच राहिली.

एरोमोनास चिलखत घालून येतो, पण येतो उघड्यावर. पिसिरिकेट्सिया आपल्याच शिपायाच्या गणवेशात लपतो. नॉर्वेला जो शत्रू मिळाला तो चिवट होता, तरी प्रतिपिंडांच्या टप्प्यात होता.

आणि नॉर्वेतही सगळं आटोपलेलं नाही. औषध आजही वर्षाला काहीशे किलोच लागतं, मासा पंधरा लाख टनांवर गेला तरी. पण थंड पाण्यात कातडीवर खोल जखमा करणारा मोरिटेला व्हिस्कोसा हा जिवाणू लसीत असूनही पुरता आवरत नाही, कारण त्याचं रणांगण कातडी आहे आणि टोचलेल्या लसीची प्रतिपिंडं रक्तात. जिवाणूंनी रिकामी केलेली जागा विषाणूंनी आणि सॅल्मनच्या उवांनी भरली. २०२३ मध्ये नॉर्वेच्या पिंजऱ्यांत ६ कोटी २८ लाख सॅल्मन कत्तलीआधीच मेले. कल्ल्यांचे रोग, हिवाळी जखमा, उवा काढताना झालेल्या इजा. औषधाचा आलेख तळाला आणि मरणाचा वर, हे दोन्ही एकाच देशाचं चित्र आहे. निर्यातीच्या माहितीपत्रकावर पहिलाच छापतात.

सुई जिथे पोहोचत नाही

आपल्याकडे रोहू-कटल्यात पोट फुगणं, खवले उभे राहणं, अंगावर लाल चट्टे पडणं यामागे बरेचदा फुरुंक्युलोसिसच्या जिवाणूच्याच कुळातला दुसरा जिवाणू असतो, एरोमोनास हायड्रोफिला. ‘नॉर्वेसारखी लस का नाही?’ हा प्रश्न तळ्यावर हमखास येतो. उत्तराचे दोन भाग आहेत. एक, हायड्रोफिलाचे वाण इतके नाना प्रकारचे की एकावरची लस दुसऱ्यावर चालेलच असं नाही, एरोमोनास साल्मोनिसिडाचं ते भाग्य इथे नाही. दोन, आपण तळ्यात सोडतो ती बोटुकली काही ग्रॅमची, शेकड्याच्या भावाने आणलेली. तिला भूल देऊन, उलटी करून, एकेक टोचणारा माणूस मजुरीच मागेल ती बोटुकलीच्या किमतीहून जास्त असेल. सॅल्मनचा एक स्मोल्ट महाग असतो, म्हणून त्याला सुई परवडते.

नॉर्वे आणि भारत या क्षेत्रात एकत्र आले ते मात्र वेगळ्या वाटेने. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने १९९२ मध्ये नॉर्वेच्या मत्स्यपैदास संशोधकांसोबत रोहूची निवड-पैदास सुरू केली. आधी फक्त वाढीसाठी. स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षी, १९९७ मध्ये, त्या वाणाला ‘जयंती’ नाव मिळालं. मग त्याच कुटुंबांतल्या पिल्लांना हायड्रोफिला टोचून पाहिला. काही कुटुंबं भराभर मेली, काही तगली. तगलेल्यांच्या भावंडांपासून पुढची पिढी घेतली, आणि तिच्यात जगणाऱ्यांचं प्रमाण दुर्बळ कुटुंबांपेक्षा स्पष्टपणे वर राहिलं. या पिल्लांना सुई लागते ती प्रयोगशाळेत, त्यांच्या भावंडांना. तळ्यात जातात ती न टोचलेली.